जपानी तलवार : पारख आणि जतन

1945 सालच्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. जपानने शरणागती पत्करून चार महिने होत आले होते. जित राष्ट्रातील प्रत्येक नागरिकाने आपल्याजवळील शस्त्रे स्वाधीन करावीत, असा जेत्यांचा हुकूम सुटला होता. टोकियोच्या मेजिरो भागातील पोलीस ठाण्यात त्या महिन्यात एक सरदार आपल्या घराण्याच्या चौदा तलवारी जमा करण्यासाठी आले. त्यांचे नाव तोकुगावा इएमासा. ज्या तोकुगावा कुळाने 1603 पासून 1868 पर्यंत जपानवर शोगुन या नात्याने सत्ता गाजविली, त्या कुळाचे ते प्रमुख. त्यांनी आणलेल्या तलवारींत एक होती ‘होंजो मासामुने’. तेराव्या शतकाच्या अखेरीस आणि चौदाव्याच्या आरंभी कामाकुरा येथे काम करणाऱ्या मासामुने या लोहाराच्या हातची म्हणून ती गाजलेली होती. शोगुनांच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या वारशाने येत गेली होती आणि 1939 साली जपान सरकारने तिला राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित केले होते. पुढील महिन्यात पोलिसांनी त्या तलवारी एका अमेरिकी सैनिकाच्या हवाली केल्या, असे सांगितले जाते. त्यानंतर होंजो मासामुने कोणाच्याही दृष्टीस पडलेली नाही.

ज्याच्या हाती ती गेली त्याला ती तलवार म्हणजे शत्रूकडून मिळालेले एक हत्यार एवढेच कदाचित दिसले असेल. तिच्या पात्यावर जे लिहिलेले असते ते वाचण्याची विद्या त्याच्यापाशी नसावी. जपानी तलवारीचा इतिहास हा एका परीने या विद्येचाच इतिहास आहे. लोहाराने तलवार एकदाच घडविली; परंतु ती सातशे वर्षे टिकली ती तिची पारख करणाऱ्या आणि तिची निगा राखणाऱ्या असंख्य हातांमुळे. ही साखळी जेथे तुटली तेथे उत्तमातील उत्तम पातेही भंगारात गेले.

जपानमध्ये सर्वांत जुन्या तलवारी सरळ पात्याच्या आहेत. आठव्या शतकात 756 साली सम्राट शोमू यांच्या निधनानंतर त्यांच्या सम्राज्ञीने त्यांच्या आवडीच्या वस्तू नारा येथील तोदाइजी मंदिराला अर्पण केल्या. त्या वस्तूंच्या यादीत शंभर तलवारींची नोंद आहे. तलवारही अशा रीतीने जतन करून ठेवावी, तिची यादी करावी, ही कल्पना त्या देशात इतकी जुनी आहे. दहाव्या शतकाच्या सुमारास घोडेस्वार योद्ध्यांचा वर्ग उदयास आला आणि पात्याला तो प्रसिद्ध बाक आला. या पहिल्या वक्र तलवारीस ‘ताची’ म्हणतात. ती धार खाली करून कमरेला टांगीत. पुढे पायदळाच्या लढाया वाढल्या, तशी धार वर करून कमरपट्ट्यात खोचावयाची ‘कताना’ प्रचारात आली. हा भेद वरवर किरकोळ वाटतो. पण अभ्यासकाला तो फार उपयोगी पडतो. कारण लोहार आपले नाव सामान्यतः तलवार धारण केल्यावर बाहेरच्या अंगाला येईल अशा बाजूस कोरीत असे. नाव कोणत्या बाजूला आहे एवढे पाहूनही ती ताची की कताना, याचा अंदाज करता येतो.

जाणकारांनी या दीर्घ परंपरेचे स्थूलमानाने चार कालखंड पाडले आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या तलवारी त्या ‘कोतो’, म्हणजे जुन्या. त्यानंतर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या त्या ‘शिंतो’, म्हणजे नव्या. पुढे 1876 पर्यंतच्या ‘शिनशिंतो’, म्हणजे नव्यांतल्या नव्या. आणि त्यानंतरच्या आधुनिक. ही विभागणी केवळ सनावळीची नव्हे. जुन्या काळी प्रत्येक प्रांत आपापल्या परिसरातील लोखंड वापरीत असे आणि प्रत्येक घराण्याची रीत निराळी असे. सतराव्या शतकात देशात शांतता नांदू लागली, दळणवळण वाढले, पोलाद सर्वत्र सारखे मिळू लागले आणि लोहार मोठ्या शहरांत येऊन राहिले. त्यामुळे पात्याच्या अंगावरील प्रांताची खूण पुसट होत गेली. पुढच्या लोहारांनी जुन्यांची बरोबरी करण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. तथापि कामाकुरा काळातील पोलादाची आर्द्र, खोल कांती आपल्याला साधली, असे निःशंकपणे फारच थोड्यांना म्हणता आले असते.

हे पोलाद येते कोठून? जपानात लोखंडाच्या मोठ्या खाणी नाहीत. परंतु डोंगराळ भागात लोहवाळू विपुल सापडते. ‘तातारा’ नावाच्या मातीच्या भट्टीत ही वाळू आणि लोणारी कोळसा आळीपाळीने टाकीत सलग तीन दिवस व तीन रात्री जाळ चालू ठेवतात. शेवटी भट्टी फोडून आतला प्रचंड गोळा बाहेर काढतात आणि त्याचे तुकडे करून त्यांतील निवडक पोलाद वेगळे करतात. त्याला ‘तामाहागाने’ असे नाव आहे. लोहार हे पोलाद तापवून, ठोकून, मधोमध छेद देऊन पुन्हा आपल्यावरच दुमडतो. अशा दहा-पंधरा घड्या पडल्या म्हणजे त्या एका लगडीत हजारो पदर तयार होतात. दहा घड्यांनी एक हजारावर, तर पंधरा घड्यांनी बत्तीस हजारांवर पदर होतात, हे साध्या गणितानेही ताडून पाहता येते. या ठोकण्याने पोलादातील मळ बाहेर पडतो आणि कठीणपणा सर्वत्र सारखा होतो. मग बहुधा आत मऊ लोखंडाचा गाभा आणि बाहेर कठीण पोलादाचे आवरण अशी योजना करून पाते लांबवितात. पात्याला तुटू न देणे हे गाभ्याचे काम, आणि धार धरणे हे आवरणाचे.

यानंतर येतो तो सर्वांत नाजूक क्षण. मराठीत हत्याराला ‘पाणी देणे’ म्हणतात तोच हा संस्कार. पण जपानी लोहार तो आपल्या खास पद्धतीने करतो. पात्याच्या पाठीवर तो मातीचा जाड लेप देतो आणि धारेकडे अगदी पातळ. पाते लाल तापले म्हणजे ते पाण्यात बुडवितो. धारेकडील भाग क्षणात निवतो आणि अतिशय कठीण होतो. जाड लेपाखालची पाठ सावकाश निवते आणि लवचीक राहते. दोन्ही भाग निराळ्या प्रमाणात फुगत-आकसत असल्याने पात्याचा बाकही याच वेळी अधिक स्पष्ट होतो. पुष्कळ पाती याच क्षणी तडकून वाया जातात. जे पाते निभावते, त्याच्यावर कठीण आणि मऊ पोलादाच्या सीमेवर एक शुभ्र, धूसर रेषा उमटलेली असते. तिला ‘हामोन’ म्हणतात. कधी ती सरळ असते, कधी लाटांसारखी, तर कधी लवंगांच्या कळ्यांची रांग मांडावी तशी. ती रंगाने काढलेली नसते की कोरलेली नसते. पोलादाच्या अंतरंगात जे घडले त्याचा तो ठसा असतो.

परंतु लोहाराच्या हातून उतरलेल्या पात्यावर हे सारे दिसत नाही. ते दाखविणारा कलावंत निराळा. त्याला मराठीत शिकलगार म्हणता येईल. मात्र जपानी शिकलगाराचे काम धार लावण्यापुरते नसते. भरड दगडापासून आरंभ करून तो एकामागून एक अधिकाधिक मृदू दगड वापरीत जातो आणि अखेरीस कागदासारख्या पातळ दगडी चकत्या अंगठ्याखाली धरून पाते घासतो. एका तलवारीला अनेक दिवस, कधी आठवडे लागतात. तेव्हा कोठे पदरांचे लाकडाच्या शिरांसारखे जाळे आणि हामोनमधील बारीक कण प्रकाशात दिसू लागतात.

अशा पात्याची पारख कशी करावयाची, याचाही क्रम ठरलेला आहे. जाणकार प्रथम पाते हातभर अंतरावर उभे धरून त्याचा एकंदर घाट पाहतो. लांबी किती, बाक मुठीजवळ अधिक की मधोमध, टोक आखूड की लांब, पाते निमुळते होत जाते की सारख्याच रुंदीचे राहते, यावरून काळ समजतो. मग तो पोलादाचा पोत पाहतो. त्यावरून प्रांत आणि परंपरा कळते. त्यानंतर दिव्याच्या प्रकाशात हामोन पाहतो. त्यावरून घराण्याचा आणि व्यक्तीचा हात ओळखू येतो. जुन्या परंपरा प्रामुख्याने पाच मानल्या जातात : यामातो, यामाशिरो, बिझेन, सोशू आणि मिनो. बिझेनच्या पात्यांत हामोन धुक्यासारखा मऊ आणि अनेकदा लवंगकळीच्या आकाराचा. शिवाय त्याच्या वरच्या अंगाला पोलादावर त्याचीच अस्पष्ट छाया पडलेली दिसते. सोशू परंपरेत, म्हणजे मासामुनेच्या परंपरेत, तेच कण ठळक होऊन चांदण्यांसारखे चमकतात. एकाच पोलादाची ही दोन निराळी मने आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सर्वांत शेवटी पाहावयाचा तो मुठीत दडलेला भाग. त्याला ‘नाकागो’ म्हणतात. लोहाराचे नाव, क्वचित गाव आणि साल, येथेच कोरलेले असते. नवशिका संग्राहक नेमका उलट वागतो. तो आधी मूठ काढून नाव वाचतो आणि त्या नावाच्या मोहाने पाते पाहतो. ही चूक होऊ नये म्हणून जपानात पारखीच्या बैठका भरतात. तेथे नाकागो झाकून पाती मांडलेली असतात. प्रत्येकाने केवळ पाते पाहून लोहाराचे नाव चिठ्ठीवर लिहावयाचे. नेमके नाव आले तर उत्तर बरोबर. त्याच संप्रदायातील दुसऱ्या निकटच्या लोहाराचे नाव आले तर तेही जवळजवळ बरोबरच मानले जाते. स्पर्धेपेक्षा या बैठकांचा हेतू डोळ्यांना शिस्त लावणे हा अधिक असतो.

नावावर विसंबू नये याला सबळ कारण आहे. प्रसिद्ध लोहारांची खोटी नावे कोरण्याचा उद्योग शतकानुशतके चालत आला. उलट, अस्सल पात्यांवर नाव नसल्याचेही पुष्कळ दाखले आहेत. लांब ताची पुढच्या काळात कतानाप्रमाणे वापरण्यासाठी मुठीच्या बाजूने कापून आखूड करीत, आणि त्या तुकड्याबरोबर लोहाराचे नावही जात असे. खुद्द मासामुनेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलवारींत त्याची सही असलेल्या अत्यंत थोड्या आहेत. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इमामुरा चोगा या नामांकित पारख्याने मासामुनेच्या थोरवीविषयीच, किंबहुना त्याच्या अस्तित्वाविषयीच, जाहीर शंका घेतली आणि मोठा वाद माजला. आज अभ्यासक मासामुनेला ऐतिहासिक व्यक्ती मानतात. तथापि त्या वादाने एक गोष्ट सर्वांना पटवून दिली : परंपरेचा शब्द हा पुराव्याचा आरंभ असतो, शेवट नव्हे.

ही परंपरा मुख्यतः ज्या घराण्याने सांभाळली ते क्योटोचे होनआमी घराणे. तलवारी स्वच्छ करणे, त्यांना झिलई देणे आणि त्यांची पारख करणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. थोर चित्रलेखक आणि कलावंत होनआमी कोएत्सू (1558–1637) याच घराण्यातले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाच्या काळात त्यांना राजमान्यता मिळाली. गंमत अशी की, याच हिदेयोशीने 1588 साली शेतकऱ्यांकडील तलवारी जप्त करण्याचा हुकूम काढला होता. एका हाताने सामान्यांच्या तलवारी काढून घेणे आणि दुसऱ्या हाताने निवडक तलवारींची कीर्ती वाढविणे, या दोन्ही गोष्टी एकाच राजकारणाच्या दोन बाजू होत्या. होनआमी मंडळी पाते पाहून घडी घातलेल्या कागदावर निर्णय लिहून देत आणि त्यात सुवर्णनाण्यांत मोलही नमूद करीत. हा कागद म्हणजे ‘ओरिगामी’. कागदाच्या घड्या घालून पक्षी करण्याच्या खेळालाही आज जगभर हेच नाव आहे. सरदारांना बक्षीस द्यावयाचे तर जमिनीचा तुकडा द्यावा लागे. त्याऐवजी ओरिगामीसह तलवार देता येई. अर्थात जेथे कागदाला एवढे मोल आले, तेथे कागदाबद्दलही संशय घ्यावा लागतो, हे पुढच्या पारख्यांनी ओळखले.

1719 साली आठवे शोगुन योशिमुने यांच्या आज्ञेवरून होनआमींनी देशातील नामांकित तलवारींची सूची तयार केली. या सूचीचे एक वैशिष्ट्य मनाला चटका लावणारे आहे. तीत अस्तित्वात असलेल्या तलवारींबरोबर जळून गेलेल्या तलवारींचीही नोंद आहे. 1615 साली ओसाकाचा किल्ला पडला तेव्हा तोयोतोमींचा संग्रह आगीत सापडला; 1657 च्या भीषण आगीत एदोच्या किल्ल्यातील तलवारी होरपळल्या. आगीत सापडलेल्या पात्याचा आकार राहतो, पण पाणी उतरते आणि हामोन नाहीसा होतो. अशा पात्यांना पुन्हा पाणी देण्यात येई. मात्र पारखी त्यांना मूळच्या पंक्तीला कधीच बसवीत नाहीत. जे गेले त्याची नोंद ठेवणे हाही जतनाचाच एक भाग आहे, ही जाणीव त्या सूचीत दिसते.

प्रत्यक्ष निगा राखण्याचे नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. म्यानातून पाते काढताना धार वर ठेवावी, म्हणजे ते पाठीवर सरकते आणि धारही दुखावत नाही की म्यानही चिरत नाही. उघड्या पात्याला बोट लावू नये, कारण बोटाच्या घामाने काही दिवसांत डाग पडतो. पात्यावर तोंड करून बोलू नये. तसे करणे असभ्यपणाचे तर आहेच, पण श्वासातील ओलावाही पोलादाला मानवत नाही. ठराविक काळाने जुने तेल मऊ हातकागदाने टिपून घ्यावे, रेशमी गोळ्यातून झिरपणारी दगडाची अतिसूक्ष्म भुकटी हलक्या हाताने पात्यावर टेकवावी, ती पुसून घ्यावी आणि तेलाचा अगदी पातळ थर पुन्हा द्यावा. या तेलाला परंपरेने लवंगेचा वास असतो. भुकटीचा उपयोगही बेताने करावा, असे आजचे जाणकार सांगतात, कारण अतिरेकाने झिलईवर ओरखडे येतात. जे पाते मिरवावयाचे नाही ते नक्षीदार म्यानात न ठेवता मॅग्नोलियाच्या साध्या, बिनरंगी लाकडाच्या म्यानात ठेवतात. हे म्यान भाताच्या खळीने चिकटविलेले असते, म्हणजे आत मळ साचला तर ते सहज उकलून साफ करता येते. भाताच्या खळीसारख्या साध्या वस्तूची निवड केवढ्या दूरदृष्टीने केलेली आहे!

परंतु सर्वांत महत्त्वाचा नियम काय करावे याचा नसून काय करू नये याचा आहे. नाकागोवरचा गंज कधीही काढू नये. खंडेनवमीला घरातील जुने शस्त्र घासून लखलखीत करण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा नियम चमत्कारिक वाटेल. पण त्या काळसर तपकिरी गंजाच्या रंगावरून आणि दाटपणावरूनच जाणकार वयाचा अंदाज करतो. कोरलेले नाव गंजाच्या आधीचे की नंतरचे, हेही त्यावरूनच ठरते. गंज काढला की साक्षीदारच नाहीसा होतो. पात्यावरील गंजाच्या बाबतीतही घरगुती उपाय घातक ठरतात. घासण्याच्या कागदाने अथवा चकाकीच्या मलमाने उत्साही मालकाने एका दुपारी केलेली हानी शतकांच्या वापराने झालेल्या हानीपेक्षा अधिक असू शकते. शिकलगार कितीही कुशल असला तरी त्याच्या प्रत्येक कामात थोडे पोलाद झिजतेच; वारंवार झिलई दिलेल्या पात्यात शेवटी आतला मऊ गाभा वर डोकावू लागतो. तलवारीला आयुष्यात किती वेळा उजळावे याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा प्रत्येक मालकाने पुढच्या मालकासाठी राखून ठेवावयाची असते.

1876 साली मेजी सरकारने सैनिक, पोलीस अधिकारी आणि दरबारी समारंभ वगळता तलवार धारण करण्यास बंदी केली. सामुराई वर्गाचे वैभव ओसरलेच होते. आता त्याचे चिन्हही गेले. शेकडो लोहारांचा धंदा बसला आणि घराण्यांतील तलवारी मातीमोलाने बाजारात आल्या. त्यांतल्या अनेक परदेशी गेल्या. विल्यम स्टर्जिस बिगेलो या अमेरिकी गृहस्थाने जमविलेल्या तलवारी आज बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहेत. विद्या अगदी लोपू नये म्हणून 1906 साली गास्सान सादाकाझू आणि मियामोतो कानेनोरी या दोन लोहारांना राजघराण्याचे कलावंत म्हणून नेमण्यात आले. पुढे लष्करशाहीच्या काळात तलवारीला पुन्हा मागणी आली. पण ती कलेसाठी नव्हती. सैन्यातील अधिकाऱ्यांसाठी कारखान्यांतून घाऊक तलवारी निघू लागल्या. त्यांत दुमडलेल्या पोलादाचे पदर नव्हते की पारंपरिक पाण्याची कांती नव्हती. मात्र काही अधिकाऱ्यांनी आपल्या पूर्वजांचे जुने पातेच लष्करी म्यानात बसवून युद्धावर नेले.

म्हणूनच 1945 चा प्रसंग इतका बिकट झाला. ब्रह्मदेशात चौदाव्या सेनेचे नेतृत्व केलेले जनरल स्लिम यांनी, जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या सैन्यासमक्ष तलवारी स्वाधीन कराव्यात, असा आग्रह धरला. त्या सेनेत बहुसंख्य जवान भारतीय होते. 1944 च्या सांगशाकच्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटणही जपान्यांशी झुंजली होती. ज्यांनी त्या तलवारीचा जाच सोसला, त्यांच्या दृष्टीने ती पराभूत सत्तेचे प्रतीक होती, आणि त्या भावनेत गैर काहीच नव्हते. चीनपासून ब्रह्मदेशापर्यंत तिच्या नावाने जे अत्याचार झाले ते विसरता येण्याजोगे नाहीत. परंतु एकाच आकाराच्या म्यानांत कारखान्यातली पट्टीही होती आणि सहाशे वर्षांपूर्वीची कलाकृतीही. त्यांतला भेद कोणी सांगावयाचा? जपानमध्ये जमा झालेल्या तलवारी वितळविल्या जात होत्या, समुद्रात टाकल्या जात होत्या, सैनिकांच्या सामानातून आठवण म्हणून बाहेर जात होत्या.

या वेळी होन्मा जुंजी आणि सातो कानझान हे दोन अभ्यासक पुढे आले. अमेरिकी सैन्यातील कर्नल कॅडवेल यांच्याकडे त्यांनी आपले म्हणणे मांडले. त्यांनी देशाभिमानाची भाषा वापरली नाही. तलवारी पुढे ठेवल्या आणि त्या कशा पाहाव्यात हे दाखविले. घाट, पोत, हामोन आणि नाकागो हाच तो जुना क्रम. कॅडवेल यांना पटले की ही केवळ हत्यारे नव्हेत. कलात्मक मोल असलेल्या तलवारी परवाना घेऊन मालकांना ठेवता येतील, अशी सवलत 1946 साली मिळाली आणि त्यांची तपासणी करण्यासाठी जपानी पारख्यांची नेमणूक झाली. टोकियोतील आकाबाने येथील अमेरिकी कोठारात साचलेल्या ढिगाऱ्यातून पाच हजारांहून अधिक तलवारी निवडून 1947 साली राष्ट्रीय संग्रहालयाच्या स्वाधीन करण्यात आल्या. ज्यांच्या मालकांचा शोध लागला नाही, अशा तलवारी 1999 साली देशभरातील सार्वजनिक संग्रहालयांना वाटून देण्यात आल्या. 1948 साली होन्मा, सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलात्मक तलवारींच्या जतनासाठी संस्था स्थापन केली. हीच संस्था आज पात्यांची तपासणी करून चार पायऱ्यांची प्रमाणपत्रे देते. तिनेच 1977 साली शिमाने प्रांतात तातारा भट्टी पुन्हा पेटविली आणि आजच्या लोहारांना तामाहागाने पुरविले. टोकियोत तिचे तलवारींचे संग्रहालय आहे.

परदेशी गेलेल्या तलवारींपैकी काही परतल्या, त्याही पारखीमुळेच. अमेरिकेतील उद्योगपती डॉ. वॉल्टर कॉम्प्टन हे मोठे संग्राहक होते. त्यांनी घेतलेल्या तलवारींत एक पाते बिझेनच्या कुनिमुने या जुन्या लोहाराचे निघाले. चौकशी करता ते कागोशिमा येथील तेरुकुनी देवस्थानाचे, युद्धानंतर नाहीसे झालेले पाते असल्याचे आढळले. कॉम्प्टन यांनी 1960 च्या दशकाच्या आरंभी ते कोणताही मोबदला न घेता देवस्थानाला परत केले. आज त्याची गणना जपानच्या राष्ट्रीय ठेव्यांत होते. ज्ञान नसते तर ते पाते परत गेलेच नसते. आणि ज्ञान असून सचोटी नसती, तरीही गेले नसते.

सध्याच्या जपानी कायद्याप्रमाणे प्रत्येक तलवारीची नोंदणी प्रांतिक शिक्षण मंडळाकडे करावी लागते, आणि नोंदणी होते ती पारंपरिक रीतीने घडविलेल्या पात्याचीच. माळ्यावर एखादी तलवार सापडली तर मालकाने आधी पोलिसांना कळवावे लागते. शंभराहून अधिक तलवारी राष्ट्रीय ठेवे म्हणून घोषित आहेत. 2020 साली ओकायामा प्रांतातील सेतोउची या लहान शहराने ‘यामातोरिगे’ ही तेराव्या शतकातील बिझेन परंपरेची तलवार पन्नास कोटी येनना विकत घेतली. नगरपालिकेने त्यासाठी देशभरातून वर्गणी गोळा केली. ज्या ओसाफुने गावाच्या परिसरात बिझेनचे लोहार ऐरणीवर घण घालीत, ते गाव आज याच शहरात मोडते. नागरिकांनी वर्गणी दिली ती युद्धाच्या अभिमानापोटी नव्हे. आपल्या गावच्या मातीत, पाण्यात आणि अग्नीत जन्मलेली एक वस्तू घरी यावी, एवढीच त्यामागील इच्छा होती.

होंजो मासामुनेचा शोध अजून संपलेला नाही. ती वितळली असेल. किंवा एखाद्या घरात, जिच्याविषयी कोणालाच काही ठाऊक नाही अशी एक जुनी तलवार म्हणून ती पडून असेल. तसे असेल तर तिचे भवितव्य पुढे ती ज्याच्या हाती येईल त्याच्यावर अवलंबून आहे. त्याने ती घासून लखलखीत केली तर ती दुसऱ्यांदा नाहीशी होईल. त्याने बोट न लावता, तेलाचा हात फिरवून, जाणकाराला दाखविली, तर तोकुगावांच्या घरातून निघालेला प्रवास कदाचित पुरा होईल. लोहाराचे काम सातशे वर्षांपूर्वी संपले. सांभाळणाऱ्याचे काम कधीच संपत नाही.